आत्याचा शब्द

४ मार्च, मंगळवार

आज नववा दिवस. फोनवरच्या घरच्यांच्या ग्रुपमध्ये चिटपाखरू नाही. त्रेसष्ट माणसं आहेत आत, नातीनं, लुपेनं मोजून दाखवली. त्रेसष्ट माणसं आणि एकाचंही तोंड उघडत नाही. मेलेत की काय सगळे!

मागच्या महिन्यापर्यंत बाजार भरायचा. ऑकलंडचे उठले की सुरू, सिडनीचे जेवायला बसले की सुरू, अमेरिकेतले निजायच्या आधी. कुणाच्या पोराचा दात, कुणाची गाडी, कुणाच्या अळूच्या पातेल्याचा फोटो. फोन उशाखाली ठेवला तर उशी थरथरायची.

आता सकाळी तेवढं सेइनीचं बायबलचं वचन येतं, खाली एक फूल. माझी लेक ती, ऑकलंडला असते, मी ओळखून आहे. लहानपणी प्रार्थनेला बसली की पेंगायची. आता तिला रोज वचन सुचतं.

मला वचन नको. मला हेनेलीची बातमी हवी.

६ मार्च, गुरुवार

आजही नाही.

हेनेली माझा भाऊ, दोन वर्षांनी धाकटा. ऑकलंडला त्याच्या मोठ्या मुलाकडे असतो, मानासेकडे. साखरेनं आधी त्याचा पायाचा अंगठा नेला, मग डोळे नेले. आता आठवड्यातून तीनदा मशीनवर घालून त्याचं रक्त धुतात. आमच्या बेटावर ते मशीन नाही. इथे आला तर फार तर दहा-बारा दिवस काढेल. तरी नाताळात तो म्हणाला, मला घरी न्या.

मानासेनं तेव्हा ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं — बाबा घरी यायचं म्हणतात, आपण सगळे मिळून ठरवू, आणि शेवटचा शब्द आत्याचा.

जसं काही मला दान दिलं! भावाच्या घरात आत्याचाच शब्द शेवटचा असतो. त्याच्या बापाच्या बापाच्या घरातही तसंच होतं. तरी बरं वाटलं, पोराला आठवण आहे.

माझा शब्द तयार आहे. ये. एवढाच. आईच्या कबरीशेजारची जागा मी साफ करून घेतलीय. किनाऱ्यावरून पांढरी वाळू आणून टाकलीय चार पोती. तिकडे थंडीत, सिमेंटच्या भिंतीत, कुणाच्या तरी शेजारी त्याला पुरायचा का?

पण न विचारता शब्द टाकायचा नसतो. विचारतील तेव्हा सांगीन. म्हणून तर फोन सारखा बघते.

आणि त्याला मी स्वतः फोन करणार नाही. हेनेली दहा वर्षांचा झाला आणि मुलांच्या झोपडीत निजायला गेला. त्याला बासष्ट वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही एका खोलीत गप्पा मारत बसलेलो नाही. तो आला की अंगणात बसायचा, मी आतून जेवण पाठवायची. भावाबहिणीचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून होतं. रीत आहे. आता पोरं हसतात. हसू देत.

८ मार्च, शनिवार

सेइनीचं वचन — धीर धरा. तूच धर बाई.

९ मार्च, रविवार

आज विणकामाला हात लावायचा नाही, म्हणून बायका चर्चबाहेर झाडाखाली बसलो. फुसी माझ्याशेजारी. चाळीस वर्षं एकाच चटईच्या दोन टोकांना बसून विणतो आम्ही, तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, काल तुझ्या सेइनीकडे केवढी गर्दी होती गं, अख्खं डुक्कर भाजलं होतं.

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

माझ्या भाचीच्या फोनमध्ये पाहिलं, म्हणाली, ती तुमच्याकडे सून गेलीय ना. तुमच्या त्या नव्या ग्रुपात.

नव्या?

फुसीनं जीभ चावली. मग एकदम तिला घरी भट्टीत अळू ठेवल्याची आठवण झाली. तिच्या भट्टीतून आज धूरही निघत नव्हता.

१० मार्च, सोमवार

लुपे आंघोळीला गेली तेव्हा तिचा फोन उघडला. बोटानं पतंगासारखी रेघ काढायची असते, मला माहीत आहे. पोरगी पहिली रेघ माझ्याच मांडीवर बसून काढायला शिकली. माझ्या मुलाची मुलगी ही. आईबाप सिडनीला, ही चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. आता वीस वर्षांची घोडी झालीय.

ग्रुप सापडला. तीच माणसं. तेच अळू, तेच दात, तेच भांडण. बासष्ट. एक माणूस कमी. ते माणूस मी.

फोनवरची बारीक अक्षरं मला पटापट वाचता येत नाहीत. एकेक अक्षर जोडत गेले. लुपेनं डोक्यावरून तीन बादल्या ओतल्या तोवर एवढं वाचलं. मानासेनं लिहिलं होतं — आत्याला जुन्या ग्रुपमध्येच राहू द्या. सेइनी रोज सकाळी काहीतरी टाकत जाईल, म्हणजे तिला शंका येणार नाही.

त्याच्याखाली एक्केचाळीस अंगठे. मी मोजले. एक अंगठा लुपेचा.

मला हाकललं असतं तर चाललं असतं. दारात उभी राहून मी पण चार शब्द सुनावले असते. यांनी घर तसंच ठेवलं, दिवे लावून ठेवले, मला मधोमध बसवलं आणि सगळे मागच्या दारानं गेले. आणि मी येडी दोन आठवडे त्या घरात हाका मारतेय — कसे आहात रे, जेवलात का रे, हेनेली कसा आहे रे.

एक्केचाळीस अंगठे. त्यातले निम्मे मी न्हाऊमाखू घातलेत.

११ मार्च, मंगळवार

चटईसाठी केवड्याची पानं चिरली. दिवसभर. कुणाशी बोलले नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज जेवताना लुपेचा फोन तिच्या ताटाशेजारी ठेवला, तो ग्रुप उघडून.

ती म्हणाली, "आजी, तू माझा फोन बघितलास?"

"फोन राहू दे. अंगठा दाखव. हाच ना, मानासेच्या खाली उठवलास तो?"

रडायला लागली. रडण्यात ती बापावर गेलीय, आवाज फार, पाणी कमी. मी जेवत राहिले. नीरफणस चांगला भाजला होता, टाकायचा कशाला?

मग तिनं सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

फेब्रुवारीत मी ग्रुपमध्ये एक चावट गोष्ट टाकली होती. पाद्रीबुवांच्या कोनफळाची. विणायच्या घरात सांगितली तेव्हा बायका चटईवर लोळल्या होत्या, फुसीला उचकी लागली होती. म्हटलं, परदेशातल्या पोरींनाही हसू दे. आवाजात टाकली, सगळी सोंगं काढून, पाद्रीबाईच्या किंकाळीसकट.

लुपे म्हणाली, हेनेलीआजोबांना दिसत नाही म्हणून मानासेकाकानं त्या दिवशी फोन त्यांच्या छातीवर ठेवला होता. आवाज मोठा करून. घरच्यांचे आवाज कानावर पडावेत म्हणून. भोवती त्यांच्या मुली, सुना उभ्या. आणि तुझी गोष्ट लागली. शेवटपर्यंत लागली. कुणाला बंद करायचं सुचलं नाही. आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, बहीण आहे त्या खोलीत मला बसवू नका.

मग काका म्हणाला, दोघांतल्या एकालाच ठेवता येईल. आजोबांना त्या पलंगावर दुसरं काय आहे? म्हणून नवा ग्रुप.

मी ताट बाजूला सारलं.

म्हटलं, "मला सांगायला काय झालं होतं?"

"कुणी सांगायचं, आजी? कुठल्या तोंडानं सांगायचं?"

ते खरं. मी असते तर मीही सांगितलं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

झोप नाही. बासष्ट वर्षं मी त्याच्यासमोर पाय पसरून बसले नाही. त्याच्या कानावर वावगं पडू नये म्हणून नवऱ्याशी भांडण झालं तरी दात दाबून भांडायची. आणि म्हातारपणी पलंगाला खिळलेल्या माणसाच्या छातीवर बसून पाद्रीबुवांचं कोनफळ!

या फोनवाल्यांनी घर बांधलं आणि त्यात भिंतीच घातल्या नाहीत. भाऊ, बहीण, सासू, जावई, पाद्री, शाळामास्तर — सगळ्यांना एका खोलीत कोंबलं आणि म्हणाले, आता बोला. कुठल्या शहाण्यानं बांधलं कोण जाणे. त्याला बहीण नसावी.

सहा वर्षांत फोनमधलं हे चौथं गाव. आधी फोटोंचं होतं, मग आणखी एक आलं, त्यात सगळे नाचायचे, मग हा ग्रुप, आता तो नवा. दर खेपेला मला उचलून नेत होते. बोट धरून शिकवत होते. या खेपेला मागे सोडलं. आणि कारण काढलं तर माझीच जीभ.

लुपेला सांगितलं, मानासेला कळव. आत्यानं शब्द सोडला. तुम्ही ठरवा. जिनं भावाला अशी लाज आणली तिला कसला शब्द?

लुपेनं लगेच कळवलं नाही. फोन हातात घेऊन उभी राहिली. मी ओरडले तेव्हा कळवलं.

१७ मार्च, सोमवार

विणायच्या घरात बायका मला म्हणतात, अगं लोसालीने, आज गोष्ट नाही का? म्हटलं, घसा बसलाय.

फुसी उद्या ऑकलंडला चालली, पुतण्याचं लग्न आहे. सात चटया नेतेय. म्हणाली, हेनेलीला बघून येईन, काय सांगू? म्हटलं, काही सांगू नकोस. जिवंत आहे एवढं बघून ये.

१८ मार्च, मंगळवार

सेइनीचं वचन — जिभेवर ताबा ठेवणारा शहाणा. हे मात्र मुद्दाम टाकलं असणार. मी त्याखाली अंगठा उठवला.

२३ मार्च, रविवार

चर्चहून येताना लुपेनं सांगितलं. ठरलं. हेनेली तिकडेच राहणार. मशीन चालू राहणार. पुढे गेला तर तिकडेच पुरणार, जागा घेतलीय.

म्हटलं, त्यानं ऐकलं? तो नाताळापासून घरी घरी करतोय. बापानं मारलं तरी ऐकायचा नाही.

लुपे म्हणाली, ऐकलं. काही बोलले नाहीत, बरं म्हणाले.

मी कबरस्तानात गेले नाही. वाटेवरून दिसलंच. शेजाऱ्याचं डुक्कर आईच्या कबरीजवळ, मी टाकलेल्या वाळूत लोळत होतं. हाकललं नाही.

२४ मार्च, सोमवार

तो बरं कसा म्हणाला?

२८ मार्च, शुक्रवार

सगळं लिहून ठेवते. उद्या मीच म्हणेन की स्वप्न पडलं.

दुपारी फुसीचा फोन आला, ऑकलंडहून. आवाज चढलेला. म्हणाली, चाळीस वर्षं तुझ्याशेजारी बसले, आणि मला सांगितलंस काही निरोप नाही! इकडे भावाला तर केवढा मोठा निरोप धाडलास!

म्हटलं, कुणी?

तू, म्हणाली. हेनेली सांगत होता. अक्काचा निरोप आला, तिच्या आवाजात, मानासेनं कानाशी लावला. राहा हेनेली, मशीन सोडू नकोस, तुझी मुलं तिथे आहेत, देवाची मर्जी असेल तसं होईल.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

फुसी म्हणाली, "देवाची मर्जी! तू! तेव्हाच मला वास आला. म्हणून तर फोन केला."

मी तिला गोष्टीचं विचारलं, कोनफळाच्या. त्याला राग आहे का अजून? तर म्हणे कसली गोष्ट? त्यानं कुठलीही गोष्ट ऐकलेली नाही. त्याच्या छातीवर कधी कुणी फोन ठेवला नाही. तो कुठल्या ग्रुपात नाही, जुन्या नाही, नव्या नाही. फुसी गेली तर हाताला धरून विचारत होता, गावातलं कोण कोण गेलं, कोण आहे. त्याच्या कानाशी फोन एकदाच आला, माझा आवाज घेऊन.

मी लुपेला हाक मारली. तोंड बघितलं आणि समजले. ती आधीच भिंतीला टेकली होती. मग सगळं ओकली.

सहा वर्षं मी या ना त्या ग्रुपमध्ये बोलतेय, फोनवर लिहिता येत नाही म्हणून. ते सगळं बोलणं मानासेकडे साठलेलं. नेटवर एक असतं म्हणे, त्यात माणसाचा आवाज भरायचा आणि पाहिजे ते लिहायचं. ते त्या माणसाच्या आवाजात बोलून दाखवतं. दहा मिनिटांचं काम. शब्द सेइनीनं काढून दिले. माझ्या लेकीनं! आणि मी कधी ग्रुप बदलल्याचं विचारलंच तर लाजेचं सांगायचं, मग ती वर तोंड काढणार नाही, हे मानासेचं डोकं. तो कधी दाराबाहेर थांबला नाही बहिणीसाठी. चुलतबहिणींशी एका गाडीत बसून सिनेमाला जातो. रीत त्याला माझं तोंड बांधायला बरोबर आठवली.

आणि मी काय केलं? मीच शब्द सोडला. लाजून, आपल्या हातानं, लुपेवर ओरडून.

लुपे म्हणाली, "आजी, आता सगळेच करतात. माणूस मेलं तरी ग्रुपमध्ये बोलतं. पुढे तर—"

"मेल्यावर तरी गप्प बसू द्या मला."

२९ मार्च, शनिवार

सेइनीला फोन केला. ग्रुपमध्ये नाही, सरळ तिला.

तिनं नाकारलं नाही. एवढं बरं केलं.

"आई, तू ये म्हणाली असतीस," ती म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आणि तू म्हणालीस की मामा येणार, मग कुणाच्या बापाला थांबवता आलं नसतं. इथून आणायचा आणि दहा दिवसांत पुरायचा. आम्हाला तो हवाय गं."

म्हटलं, तर मग माझ्याशी भांडायचं होतं. तोंडावर.

"तुझ्याशी भांडून आजवर कोण जिंकलंय?"

मी फोन ठेवला.

माणसाकडे त्याचं म्हणून काय असतं? जमीन सरदाराची. चटई विणली की लग्नात जाते. पोरं विमानानं जातात. आवाज तेवढा माझा होता, जीभ माझी होती. कडू असो, घाण असो. ती पण काढून घेतली, धुऊन पुसून गोड केली आणि माझ्याच भावाला फसवायला वापरली. चोरी केली असती तर पोलिसाकडे गेले असते. याला काय म्हणतात तेही मला ठाऊक नाही.

त्रेसष्ट जणांच्या ग्रुपमधून आज मी बाहेर पडले. लुपेला बटण दाखवायला लावलं, दाबलं मीच. लगेच सतरा फोन आले. एवढे दिवस कुणाला नंबर माहीत नव्हता वाटतं! एकही घेतला नाही.

फुसीचा घेतला. तिला सांगितलं, सोमवारी जा त्याच्याकडे, मानासे कामावर गेल्यावर. फोन त्याच्या कानाला लाव आणि तू बाजूला हो. मी बोलणार. मी स्वतः. रीत गेली खड्ड्यात, ती मी नाही मोडली. त्याला सांगणार, ते माझे शब्द नव्हते. माझा शब्द एकच. ये.

३० मार्च, रविवार

डुक्कर हाकललं. वाळू परत सारखी केली.

३१ मार्च, सोमवार

फुसीनं फोन लावून दिला. मी तोंड उघडायच्या आत हेनेली म्हणाला, "अक्का, तू राहा म्हणालीस ते बरं केलंस. मागणं माझंच होतं, पण मशीनवर पडलं की भीती वाटायची. तू ये म्हणशील याचीच. म्हणाली असतीस तर यावं लागलं असतं."

तो म्हणाला, "पण आवाज फार गोड होता. तूच होतीस ना?"

म्हटलं, "मीच होते, मुडद्या. दुसरी कोण असणार?"